वीस मैल पश्चिमेला

९ जुलै, शर्यतीचा अठरावा दिवस

ताई,

सप्रेम नमस्कार वगैरे लिहिणार नाही. प्रेम असतं तर चार वर्षांत एखादा फोन झाला असता. आणि नमस्काराचं म्हणशील तर तू मोठी आहेस हे मान्य, पण सध्या माझी इच्छा नाही. हे पत्र तुला मिळेल की नाही तेही ठाऊक नाही. इथे टपालपेटी नाही. चारी बाजूंना पाणी आहे आणि वारा म्हणशील तर नावाला नाही.

सहा दिवस मी इथे अडकून पडले आहे. विषुववृत्ताच्या आसपास हा पट्टा असतो, डोलड्रम्स म्हणतात त्याला. उत्तरेचा वारा आणि दक्षिणेचा वारा समोरासमोर येतात आणि एकमेकांकडे न बघता दोघंही वर निघून जातात. खाली राहतं ते नुसतं दमट पाणी. तुझंमाझं असंच आहे म्हण, आणि मधे आई.

लोकांना वाटतं, वारा नाही म्हणजे शांत असेल. डोंबल शांत. लांबून कुठून तरी संथ लाटा येतच असतात. बोट जागच्या जागी डुलते आणि दर डुलण्याला शिडाखालची आडवी काठी इकडून तिकडे आपटते. खाड. परत खाड. सहा दिवस. असं आपटून आपटूनच शीड फाटतं, म्हणून मी ते उतरवते. उतरवलं की एक झुळूक येते. धावत जाऊन चढवते, तोवर ती गेलेली. हातांना फोड आले आहेत आणि काल दिवसभरात मी सरकले किती, तर चार मैल. त्यातले दोन मागे.

काल संतापून मी बोटीला वाटेल ते बोलले. मग तिच्या नावाची पाटी दिसली आणि गप्प बसले. 'कवळी' हे नाव कुणी ठेवलं ते तुला सांगायला नको. पंधरा वर्षं लॅबमध्ये प्लास्टर कालवून मी अर्ध्या गावाचे दात बनवले, त्यातून ही बोट घेतली, तेव्हा तुझा नवरा म्हणाला होता, "नाव कशाला शोधतेस? गावाने चावून चावून तुला ही घेऊन दिली. कवळीच ही." शर्यतीच्या यादीत गरुड, वादळ, वीज, आणि मधेच कवळी. रेडिओवरच्या रोजच्या हजेरीला अजून लोक हसतात.

आता मुद्द्याचं. आज मी पाचवी आहे. पुढचे चौघंही याच पट्ट्यात माझ्यासारखेच बसले आहेत. यातून आधी सुटेल तो पुढे जाईल. म्हणजे मी तिसरी येऊ शकते, ताई. हा आकडा तुझ्या ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी याच शर्यतीत मी तिसरी आले होते आणि तू चार ओळी लिहून मला नववी केलंस.

सगळ्यांच्या घरी तो फॉर्म गेला होता. 'आम्ही फोनवरून स्पर्धकाला मार्गाविषयी वा हवामानाविषयी कोणतीही मदत केलेली नाही.' खाली सही. दूधवाल्याच्या वहीवर करतो तशी लोकांनी सही करून टाकली. तू मात्र चष्मा लावून बसलीस, 'नाही'वर रेघ मारलीस आणि खाली सविस्तर लिहिलंस. त्या तुझ्या गोल अक्षरात. त्या अक्षराचा मला इतका राग येतो की सांगता सोय नाही.

सख्खी बहीण. परकी असती तर सोडून दिलं असतं.

११ जुलै, विसावा दिवस

ताई,

अजून तिथेच. सकाळी एक काळा ढग आला, दहा मिनिटं पिसाळल्यासारखा वारा, भिंतीसारखा पाऊस, बोट आडवी व्हायची बाकी, आणि मग परत काही नाही. एवढंच की पाणी भरून घेता आलं. बादली, दोन डबे आणि चहाचं पातेलं. तेव्हा पाण्याची काळजी नाही. तू करत असशील असंही नाही.

कालपासून माझ्या डोक्यात इंजिन बसलंय. इंजिन आहे ना बोटीला. पायऱ्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर. पण शर्यत वाऱ्याची, म्हणून निघताना तपासनीस येतो आणि त्याच्या दांड्यावर तारेचं सील ठोकतो. जिवावर बेतलं तरच तोडायचं, आणि तोडलं की शर्यतीतून बाद. मी रोज जाऊन ते बघते. शिशाचं एवढंसं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ते बघितलं की तूच आठवतेस.

साहजिक आहे. आयुष्यभर तू तेच केलंस. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे, बरोबर असेल त्याला सील, नसेल त्याला लाल चिठ्ठी. बाबांच्या दुकानाची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल लोकांना. नोकरी लागून तुला तीन आठवडे झाले होते. तू पितळी वजनांची पेटी घेऊन आलीस आणि बाबांना म्हणालीस, "जरा बाजूला व्हा." बाबा कौतुकाने झाले बाजूला. खिळ्यांचा काटा तू तपासलास. तो चुकत होता, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने. म्हणजे इतकी वर्षं बाबा लोकांना चार खिळे जास्तच देत होते. तरी तू लाल चिठ्ठी डकवलीस. बाबा म्हणाले, "अगं, नुकसान माझंच होतंय ना?" तर तू काय म्हणालीस? "चूक ती चूक. कुणाच्या बाजूने आहे ते मी बघत नाही."

बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. आणि पुढे मरेपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला हीच गोष्ट छाती फुगवून सांगत राहिले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझं कौतुक करायला त्यांच्याकडे वेळच उरला नाही.

म्हणून विचारते, एवढं सगळं बरोबर करून तू काय मिळवलंस? भाऊजींच्या तोंडून फोनवर एक वाक्य गेलं. एक. आठवड्यातून एकदा घरी बोलायला तीन मिनिटं मिळतात. बोटीवर आम्हाला हवामानाचा नकाशा नसतो, भाऊजींसमोर तो उघडा होता, आणि ते बोलून गेले. मी विचारलं नव्हतं. चौकशीतही हेच सांगितलं आणि चौकशीवाल्यांना ते पटलंही. म्हणूनच बाद न करता नुसती मागे टाकली. पण तुला कोण सांगणार? जिथे तिथे हरिश्चंद्राचा अवतार.

भाऊजींना क्लबने बंदी केली त्याचं मला वाईट वाटलं. नाही असं नाही. ज्या माणसाने मला चौदाव्या वर्षी शिडाची दोरी हातात दिली, त्याला त्या फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी. पण ते तुझ्या चार ओळींमुळे झालं, ताई. माझ्यामुळे नाही.

ऊन फार आहे. थांबते.

१३ जुलै, बाविसावा दिवस

आज माझी तीन मिनिटं होती.

तुला वाटत असेल मी कुणाला फोन करत असेन. लॅबच्या मॅडमना. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'घरचे' या रकान्यात त्यांचंच नाव आहे. दर आठवड्याला त्या मला कोणाची दाढ कशी बसली नाही ते सांगतात आणि मी ऐकते. जगात कुठेतरी दाढा बसत नाहीयेत, हे ऐकून बरं वाटतं.

आज मॅडम म्हणाल्या, "तुमच्या ताई आल्या होत्या."

माझ्या हातातून फोन पाण्यात जायचा. मी विचारलं, "कुठे?"

"इथेच, लॅबमध्ये. आईंची कवळी घेऊन. खालची सैल झालीय. मी म्हटलं, धाकट्या बाई आल्या की बसवतील, तर म्हणाल्या, तिनेच बनवलीय, तिनेच दुरुस्त करावी, आम्ही थांबू. तोवर आई मऊ मऊ खातील म्हणे."

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आणि हे बघा, माझ्या टेबलावर तुमच्या समुद्राचा, वाऱ्याचा नकाशा उघडा होता. रोज बघते मी, तुमचा ठिपका जागचा हलत नाही, जीव तुटतो हो. त्यांनी तो बघितला. म्हणाल्या, हा तुम्ही फोनच्या वेळी बंद ठेवा. मी म्हटलं, अहो, एवढंसं सांगितलं तर काय बिघडतं, बिचारी तिथे भाजून निघतेय. तर त्या म्हणाल्या, ती विचारेल. रडेलही. तरी सांगू नका. स्वतः झाकण मिटलं त्यांनी कॉम्प्युटरचं."

"मग?"

"मग काय, मिटलेलंच आहे. सांगू का उघडून?"

तीन मिनिटं संपली आणि फोन आपोआप बंद झाला. बंद झाला नसता तर मी काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे. म्हणूनच आज इतकी चिडले आहे. हजारो मैलांवरून तू माझी तपासणी करतेस? माझ्याच लॅबमध्ये येऊन, माझ्याच मॅडमना सांगतेस, ती विचारेल म्हणून? ती रडेल म्हणून? तुला कोणी सांगितलं मी रडेन म्हणून?

दुपारी कुणीच सांगितलं नसताना बसून रडले. शिडावर लोकरीचे तुकडे बांधलेले असतात, झुळूक कुठून येते ते कळावं म्हणून. माझे लाल आहेत. तू दहावीत विणलेल्या स्वेटरचे, भाऊजींनी उसवून बांधून दिलेले. दिवसभर ते मेलेल्या गांडुळांसारखे लोंबत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

१४ जुलै, तेविसावा दिवस

ताई,

बरं. घे लिहून.

मी विचारलं होतं.

तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी तिथेच होते. हो, होतीस. तू इस्त्री करत होतीस. त्या वेळी अडकून अकरा दिवस झाले होते मला. फोन भाऊजींनी घेतला. मी म्हणाले, "भाऊजी, एकदाच सांगा, वारा कुठे आहे?" ते म्हणाले, "नाही गं, असं नसतं." मी रडले. ते म्हणाले, "रडू नकोस. येईल वारा." मी म्हणाले, "माझं डोकं फिरेल इथे, मी पाण्यात उडी मारीन, मग बसा तुमचे नियम घेऊन." असं म्हणाले मी. मारणार वगैरे नव्हते. मला माहीत होतं कुठलं वाक्य त्यांना सोसणार नाही, तेच निवडून बोलले. मग ते हळूच म्हणाले, "वीस मैल पश्चिमेला जा."

तेव्हा मागे इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, ताई. म्हणजे तू ऐकलंस, हे मला त्याच क्षणापासून ठाऊक होतं.

गेले पश्चिमेला. वारा होता. तिसरी आले.

चौकशीच्या दिवशी टेबलापलीकडे तिघं बसले होते आणि त्यांच्यासमोर तुझा कागद. त्यात सगळं होतं. मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, मी रडले, त्यांनी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी म्हणाले, हे खोटं आहे. मी विचारलं नव्हतं, ते आपणहून बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बाहेर आले तर दारातच भाऊजी. त्यांची पाळी होती. त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?" मी सांगितलं. मला वाटलं, चिडतील, निदान बघत तरी राहतील. ते म्हणाले, "बरं." आणि शर्टाची बटणं नीट करून आत गेले. आत जाऊन तेच सांगितलं. तिने विचारलं नव्हतं, मीच बोललो.

त्यांचाही राग येतो मला. खरं सांगायला काय झालं होतं? बाबांच्या काट्यासारखे, कायम दुसऱ्याच्या बाजूने चुकणार. मी मागितलं नव्हतं ते खोटं. मागितलं नव्हतं, पण पदरात घेतलं मुकाट.

निकालात काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. 'स्पर्धकाच्या बहिणीचे विधान विश्वसनीय वाटत नाही. ते कौटुंबिक कलहातून केलेले असावे.' जन्मात एक गोष्ट खोटी न बोललेली तू, आणि तुझ्या विरुद्ध साक्षीदार दोन. एक बहीण, एक नवरा. पुढे बाजारातले दुकानदार तुला म्हणायचे ना, "बाई, आधी स्वतःचं माप तपासा"? मला आईने सांगितलं. मी म्हणाले, बरं झालं. आईने ताटावरून उठून हात धुतले आणि त्या दिवशी माझ्याशी परत बोलली नाही.

लोकांना मी सांगत फिरले की मी तुझ्याशी बोलणं टाकलंय. खरं तर मी दोनदा तुझ्या दारात येऊन गेले. एकदा तू दार उघडलंस, मला बघितलंस आणि विचारलंस, "खरं सांगायला आलीयेस?" मी म्हणाले, "आईला भेटायला." तू आईला बाहेर पाठवलंस आणि आत गेलीस. दुसऱ्यांदा मी बेल न वाजवताच परतले.

आणि भाऊजी. क्लबसमोरच्या रस्त्यापलीकडे ती कमरेएवढी भिंत आहे ना, तिच्यावर बसायचे संध्याकाळचे. शिकाऊ मुली विचारायला यायच्या तिथे. हे तोंडाने काही बोलायचे नाहीत, बंदी आहे म्हणायचे. नुसतं बोट ओलं करून वर धरायचे. मी फाटकातून आत जाताना मला बघून तेच बोट हलवायचे. रोज. तीन वर्षं. मी हात करायचे आणि आत जायचे, कारण मला बंदी नव्हती.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा मी आले होते. तू बघितलंस की नाही माहीत नाही. मागे चपलांपाशी उभी होते.

१५ जुलै, चोविसावा दिवस

ताई,

आज सकाळी ऑफिसला फोन लावला. शर्यतीच्या ऑफिसला कधीही लावता येतो, त्याला तीन मिनिटांचा नियम नाही. तिथे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सगळे 'घड्याळ' म्हणतो. ठरल्या मिनिटाला रोज हजेरी घेतात, सर्दी असो की पडसं.

"बोला कवळी. काय झालं? पाणी?"

"पाणी आहे. एक लिहून घ्यायचंय."

मी सांगितलं. सगळं. इस्त्रीच्या आवाजासकट. घड्याळांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ही केस चार वर्षांपूर्वी बंद झालीय. त्या पट्ट्यात माणसं काहीबाही बोलतात. परवा एकाने मला त्याच्या लग्नाची सगळी हकिगत सांगितली. मी तुमचं ऐकलं नाही, असं समजू का?"

खोटं सांगत नाही, ताई, त्या एका वाक्यात मला फार थंड वाटलं. मी पाचवी आहे. सावली मिळाली की माणूस बसतो तसं मन बसायला निघालं. तेवढ्यात ती काठी पुन्हा आपटली.

"नाही," मी म्हणाले. "ऐका आणि लिहा."

"ते भाऊजी तुमचे, ते आता हयात नाहीत ना?"

"नाहीत. म्हणून तर सांगतेय. ते असते तर पुन्हा खोटं बोलले असते."

मग कागदाचा आवाज आला. मी म्हणाले, ते वाक्य खोडा, माझ्या बहिणीविषयी जे लिहिलंय ते. तर म्हणाले, "निकालातलं काही खोडता येत नाही. खाली शेरा लिहिता येतो."

"मग शेरा लिहा. बहिणीचं विधान अक्षरन् अक्षर खरं होतं. खोटं स्पर्धक बोलली. भाऊजींनी आधी नकार दिला होता."

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. सावकाश, हजेरी घेतात त्याच आवाजात. मी म्हणाले, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. त्याची प्रत तुला आणि एक क्लबला पाठवायला सांगितली आहे. भाऊजींची बंदी उठवायला आता माणूस नाही. निदान नाव तरी फाटकाच्या आत जाऊ दे.

मग ते म्हणाले, "तुम्ही बाद आहात. पाच वर्षं कुठल्या शर्यतीत नाव देता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय." चव्वेचाळीस आणि पाच, एकोणपन्नास. मोजून झालं होतं माझं.

"मग आता एक बोलतो. बाद झालात म्हणजे नियम लागू नाही. नकाशा माझ्या समोर आहे. वारा कुठे आहे, सांगू?"

मी बघितलं तर लाल लोकर तशीच लोंबत होती.

"नको," मी म्हणाले.

"का हो?"

"माझ्या बहिणीला विचारा," म्हणाले आणि फोन ठेवला. उद्धटपणा झाला. उद्या माफी मागीन.

१८ जुलै, सत्ताविसावा दिवस

ताई,

वारा आला. आज सकाळी, आग्नेयेकडून. आधी लोकरीचा एक तुकडा उठला, मग दुसरा, मग सगळे आडवे झाले आणि काठी एका बाजूला जाऊन गप्प राहिली. त्या खाडखाडीची इतकी सवय झाली होती की काय थांबलं ते कळायलाच वेळ लागला. आता बोट पळतेय, पाणी कडेने धावतंय आणि मी एका हाताने लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. बाकीचे स्पर्धक दोन दिवस आधीच सुटले. यादीतून माझं नाव काढलंय, तरी घड्याळ हजेरीत सगळ्यांत शेवटी 'कवळी?' म्हणून विचारतात आणि मी 'हजर' म्हणते.

इंजिन चालू करायलाही मला आता कुणाची बंदी नव्हती. घड्याळांनी दोनदा आठवण केली. तीन दिवस मी त्या सीलसमोर बसून घाम गाळला. तोडलं नाही. का, ते विचारू नकोस, मला धड सांगता येणार नाही. हट्ट म्हण. त्या वेळचे वीस मैल माझे नव्हते, या वेळचे सगळे माझे असू देत.

आणि मी हे केलं म्हणून तुला माफ केलं, असं समजू नकोस. अजून चिडलेलीच आहे. तू एकदा, एकदाच, चष्मा न लावता माझ्याकडे बघितलं असतंस, तर मी त्या दारातच सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. कदाचित नसतंही सांगितलं. माफीही इथे मागत नाही. वहीत मागून काय उपयोग, तिला समोर माणूस लागतं. भाऊजींची मागायची राहिली ती राहिलीच.

शर्यत आपल्याच बंदरात संपते. वारा असाच राहिला तर सोळा-सतरा दिवसांत पोचेन. सकाळी वारा लागताच घड्याळांना सांगून तुला एक ओळीचा निरोप पाठवला होता: 'चार तारखेच्या सुमारास धक्क्यावर येते. भिंग घेऊन ये.' आलीस तर ही वही तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर टपालाने येईल. आईला सांग, कवळी आल्या आल्या बसवते.

आज संध्याकाळी हजेरीला घड्याळ म्हणाले, "कवळी, तुमच्या ताईंचं उत्तर आलंय. एकच ओळ आहे."

"वाचा."

"विचारताहेत, भिंग लहान आणू की मोठं?"

चार वर्षांनी बोललीस आणि बोललीस काय, तर हे.

मोठं आण, ताई. सील बटणाएवढंही नाही. मी म्हणते ते तुटलेलं नाही, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तो घरच्यांचा फॉर्म या वेळी निघतानाच हातात दिला होता, मी कोरा ठेवलाय. माझ्या काय कामाचा आता, पण ठेवलाय. खाली उतर, पायऱ्यांच्या मागे वाक, नीट बघ. आणि जे दिसेल ते लिही, तुझ्या त्या गोल अक्षरात.

धाकटी